जि. प. शाळेला चर्चने हातभार लावायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

मंडळी_सचिव

जय ख्रिस्त आणि सर्वांना नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यातली आमची मराठी मंडळी, कुटुंबं नव्वदच्या आसपास. चर्चपासून तीनशे मीटरवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट ७४, शिक्षक ३. पास्टोरेट कमिटीने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने) यंदा शाळेसाठी ६०,००० रुपये बाजूला काढायचं ठरवलंय. वेळ द्यायला दहा-बारा जण तयार आहेत, त्यात दोन निवृत्त शिक्षिका. चर्चचा हॉल आठवड्यातले पाच दिवस रिकामाच असतो.

कमिटीत दोन मतं आहेत. काहींना वाटतं, मोठा टीव्ही घ्यावा आणि नाताळात छोटा कार्यक्रम करून शाळेला द्यावा. काहींचं म्हणणं, तिसरी-चौथीच्या मुलांना धड वाचता येत नाही, त्यावर काम करावं. माझे प्रश्न असे: परवानगी नेमकी कोणाची घ्यायची? पैसे शाळेला द्यायचे की वस्तू? चर्चची माणसं शाळेत आली की धर्मप्रचाराची शंका येते, ती येऊच नये म्हणून काय करायचं? आणि दिलेल्या गोष्टींपैकी वर्षभराने काय वापरात राहतं, काय धूळ खात पडतं?

खडूफळा

टीव्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्याकडे मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात आणि अध्यक्ष पालकांमधला असतो. मदतीचा विषय या सभेत मांडला गेला, ठराव झाला, इतिवृत्तात आला, की ती मदत गावाची होते. मुख्याध्यापकांशी परस्पर बोलून वस्तू आणून ठेवल्या तर ती मदत फक्त मुख्याध्यापकांची राहते. त्यांची बदली झाली की तुमचीही ओळख संपते.

सभेला जाण्याआधी शाळा विकास आराखडा पाहायला मागा. तो करणं हे याच समितीचं काम आहे (कलम २२). आराखडा त्रोटक असेल तर मुख्याध्यापकांबरोबर अर्धा तास शाळेतून फिरा आणि साधे प्रश्न विचारा. वीजबिल किती महिन्यांचं थकलंय? नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं? मुलींच्या शौचालयाला आतून कडी लागते का? पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? चौथीतल्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं? शेवटचा प्रश्न हळू आवाजात आणि एकटे असताना विचारा. चारचौघांत विचारलात तर शिक्षकांना ती तपासणी वाटते.

शाळेच्या हातात किती पैसा असतो, हेही माहीत हवं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, डस्टर, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. ही आकडेमोड डोळ्यासमोर ठेवली की टीव्हीचं काय होतं ते कळतं. बिल थकलं की वीज तुटते आणि टीव्हीवर कापड पडतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो चोरीला जाईल या धास्तीने कोणीतरी घरी नेऊन ठेवतं, परत येताना पॅनेलला तडा गेलेला असतो. टीव्ही द्यायचाच असेल तर दुसऱ्या वर्षी द्या. त्याच्यासोबत स्टॅबिलायझर, भिंतीवर लोखंडी जाळीचं कपाट आणि मे महिन्यात तो कोणाच्या ताब्यात राहील याचा लेखी उल्लेख द्या.

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक व अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, जि. प. प्राथमिक शाळा … विषय: शाळेस शैक्षणिक सहकार्य करण्याबाबत. महोदय, आमच्या मंडळीतील स्वयंसेवक येत्या सत्रात आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी एक तास, इयत्ता तिसरी व चौथीच्या विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी वेळ देऊ इच्छितात. सर्व उपक्रम शिक्षकांच्या उपस्थितीत व आपल्या वेळापत्रकानुसार होतील. उपक्रमात कोणत्याही प्रकारचे धार्मिक शिक्षण, साहित्य वा प्रार्थना असणार नाही. स्वयंसेवकांची यादी व ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पुढे कोणी तक्रार केली तर मुख्याध्यापकांच्या हातात कागद असला पाहिजे. याशिवाय केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. शाळेने तिथे यूडायस क्रमांकाने (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने) नोंद करून मागणी टाकायची, तुम्ही मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून तयारी दाखवायची, मग शाळा मंजुरी देते. तिथे रोख रकमेची सोय नाही, वस्तू किंवा वेळ द्यायचा. गावात सगळे ओळखीचे असले तरी ही नोंद करून ठेवा.

एक सावधगिरी. भिंत पाडणं, वर्गखोलीचं छत, पत्रे बदलणं अशी कामं अंगावर घेऊ नका. इमारत जिल्हा परिषदेची आहे. धोकादायक खोलीचं निर्लेखन (वापरातून रीतसर बाद करणं) व्हावं लागतं आणि बांधकाम विभागाचा अभियंता पाहतो. रंग, फळा, नळ, कडी-कोयंडे, खिडकीची जाळी इथपर्यंतच थांबा.

हिशेबनीस

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण चांगली कामं इथेच अडकतात.

सगळ्यात आधी तुमच्या न्यासाची घटना काढून "उद्देश" वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला खर्च उद्देशातच करावा लागतो. शिक्षण किंवा समाजसेवा उद्देशात असेल तर प्रश्न नाही. फक्त उपासना आणि धर्मकार्य लिहिलेलं असेल तर ६०,००० चा ठराव करण्याआधी मूळ संस्थेला विचारा. बहुतेक ठिकाणी स्थानिक मंडळी स्वतः न्यास नसते, मालमत्ता आणि नोंदणी वरच्या संस्थेच्या नावावर असते. हॉलचंही तेच. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासांसाठी वापरू देणं वेगळं आणि भाडेपट्टा करणं वेगळं. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुम्हाला त्या वाटेला जायचं कारणच नाही. "वापरास तात्पुरती परवानगी, भाडे नाही, दोन्ही बाजूंनी केव्हाही बंद करता येईल" एवढं पत्र पुरे.

वस्तू द्या, रोख नको. बिल चर्चच्या नावावर आणि पैसे बँकेतून दुकानदाराला. मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका, ते कितीही प्रामाणिक असले तरी. वस्तू दिली की शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाली पाहिजे. पान क्रमांक आणि अनुक्रमांक तुमच्या देयकावर लिहून घ्या. रविवारच्या अर्पणातून खास या कामासाठी पैसे गोळा करणार असाल तर त्याचं पान वेगळं ठेवा. त्या नावाने आलेला पैसा चर्चच्या छपराला वापरता येत नाही. परदेशातून आलेली देणगी यात मिसळू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यातला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही आणि त्या चौकटीत शिरण्याइतकं हे काम मोठं नाही.

६०,००० ची विभागणी मी अशी सुचवेन: वाचनसाहित्य आणि पुस्तकं १४,०००, पाणी आणि नळ १६,०००, दुरुस्तीसाठी राखीव १५,०००, छपाई-झेरॉक्स-प्रवास ५,०००, आणि १०,००० हात न लावता पुढच्या जूनसाठी. राखीव रकमेवर कमिटीत वाद होईल, कारण तिचा फोटो काढता येत नाही. पण ऑक्टोबरात नळ तुटतो तेव्हा २०० रुपयांची वस्तू तीन महिने मिळत नाही आणि टाकी निरुपयोगी होते, ते याच रकमेने टळतं.

एका मोहापासून लांब राहा. "गावातली डी.एड. झालेली मुलगी महिना ६,००० वर ठेवू." दहा महिन्यांत सगळी रक्कम संपते, पुढच्या वर्षी पैसा नसला की मुलं आणि ती मुलगी दोघंही मधेच सुटतात. आणि शिक्षक देणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती चर्चने झाकू नये. ७४ पटाला तीन शिक्षक कायद्याच्या प्रमाणात बसतात. पद रिकामं झालं तर समितीने ठराव करून मागणी करायची असते. दोन हजार तेवीसच्या दत्तक शाळा योजनेचं कोणी नाव काढलं तर ती लाखो-कोटींच्या देणगीदारांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

मंडळी_सचिव

दोघांचेही आभार. उद्देशात "शैक्षणिक व सामाजिक सेवा" आहे, पाहून घेतलं. आता वाचनाबद्दल. तिसरी-चौथी मिळून ३८ मुलं आहेत. माणसं बारा, पण शिकवण्याचा अनुभव दोघींनाच. बाकीचे बँकेतून निवृत्त, दोन शेतकरी, कॉलेजची चार मुलं-मुली. एका तासात नेमकं काय करायचं?

वाचनपेटी

ताई/दादा, अनुभव नसलेली माणसं यात उत्तम चालतात, फक्त त्यांना "शिकवा" असं मोकळं सोडू नका. तास मिनिटांनी आखून द्या.

पहिल्या आठवड्यात शिकवायचं नाही, प्रत्येक मुलाचं वाचन एकट्याने ऐकायचं. एका मुलाला पाच मिनिटं, एक माणूस तासाला दहा मुलं ऐकतो, म्हणजे चौघे एका दिवसात ३८ संपवतात. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची पद्धत वापरा, ती सोपी आहे. आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद द्या. तीनपेक्षा जास्त चुका न करता, शब्द शब्द न तोडता वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. परिच्छेद अडला तर साधे शब्द, पाचपैकी चार आले पाहिजेत. शब्द अडले तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. यातून मुलांचे पाच गट पडतात: प्रारंभिक (अक्षरंही न येणारी), अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिसरीतला आणि चौथीतला मुलगा एकाच गटात बसू शकतो, आणि बसलाच पाहिजे. प्रथम संस्थेने हीच गोष्ट वर्षानुवर्षं केली आहे: इयत्तेने न बसवता पातळीने बसवणं. मुलाला त्याचा गट सांगताना "तू अक्षर गटात" असं म्हणू नका. गटांना झाडांची नावं द्या.

आता खरी अडचण. आपली मुलं बाराखडी गातात. क, का, कि, की, कु, कू एका दमात. तुम्ही बोट मधेच "कू" वर ठेवा. मूल मनात क पासून मोजत येतं आणि सहाव्या ठोक्याला "कू" म्हणतं. त्याला कू ओळखता येत नाही, त्याची जागा माहीत असते. म्हणून तक्ता आडवा वाचून घेऊ नका, उभा वाचा: का, मा, रा, ता, पा. मग की, मी, री, ती. मग तिरका. हे रोज पाच मिनिटं केलं की पंधरवड्यात फरक ऐकू येतो.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. "दिवस" मध्ये वेलांटी कागदावर आधी येते आणि उच्चारात नंतर. मूल वेलांटी पाहून थबकतं, मग ती पुढच्या अक्षराला लावतं आणि "दविस" वाचतं. अशा वेळी शब्द सांगून टाकू नका. वेलांटी बोटाने झाका, "द" वाचून घ्या, बोट काढा, "आता?" एवढंच विचारा. तिसरी अडचण र ची. "सूर्य", "प्रकाश", "राष्ट्र", "सुऱ्या" या चारही शब्दांत र वेगळ्या रूपात बसलाय. ही रूपं परिच्छेद गटाआधी आणूच नका. पहिल्या महिन्यात जोडाक्षरं काढून टाकलेल्या गोष्टी वापरा.

तास असा: पहिली दहा मिनिटं गप्पा. काल बाजारात काय पाहिलं, शेतात काय चाललंय. मुलांनी सांगितलेली दोन वाक्यं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. "आमची गाय येली" म्हणालं तर "व्याली" असं सुधारू नका, तसंच लिहा, कारण स्वतः बोललेलं वाक्य मूल आपोआप वाचतं. पुढची पंधरा मिनिटं गोष्ट: मोठा माणूस शब्दाखाली बोट फिरवत सावकाश वाचतो, मग सगळे मिळून, मग दोघं-दोघं. पंधरा मिनिटं बाराखडी तक्ता आणि सुटी अक्षरकार्डं, दहा मिनिटं शब्दांचा खेळ, शेवटची दहा मिनिटं लिहिणं. लिहिण्याच्या वेळेत शुद्धलेखनाच्या लाल खुणा नकोत.

साहित्य प्रत्येक गटाला: लांबून दिसेल एवढा बाराखडी तक्ता १, अक्षरकार्डांचा संच १, परिच्छेदकार्डं २०, पाट्या मुलांइतक्या, रंगीत खडूंची पेटी १. पाच गटांचं मिळून खर्चाचा मोठा भाग पुस्तकांचाच राहील. मुलांची चित्रमय मराठी पुस्तकं साधारण ४० ते ७० रुपयांना मिळतात, १२० पुस्तकांपासून सुरू करा. जाडजूड बोधकथा आणि घरातली रद्दी देणगी म्हणून घेऊ नका. एका पानावर एक-दोन ओळी असलेली पुस्तकं निम्मी हवीत.

पुस्तकं शाळेला भेट देऊ नका, हे मुद्दाम सांगतो. भेट दिली की डेडस्टॉकला चढतात, फाटलं-हरवलं की बदलीच्या वेळी शिक्षकाला त्याचा जाब द्यावा लागतो, म्हणून शिक्षक कपाटाला कुलूप लावतो. त्याची काही चूक नाही. पुस्तकं चर्चच्या मालकीची ठेवा, पत्र्याच्या चार पेट्यांत तीस-तीस भरून शाळेत वापरायला ठेवा, आणि पत्रात लिहा की हरवल्या-फाटल्याची जबाबदारी चर्चची. वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं जातील हे धरूनच चाला. मुलं घरी नेतात म्हणून पुस्तकं फाटतात, ही चांगली खूण आहे.

वेळापत्रक: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत साधारण चौदा आठवडे, आठवड्याला दोन तास. एक शनिवार घ्या, "आनंददायी शनिवार" उपक्रमामुळे त्या दिवशी शिक्षकांना जागा करून देणं सोपं जातं. दुसरा वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा, निम्मी मुलं आईबापांबरोबर बाजारात असतात. सहाव्या आठवड्यात पुन्हा ऐका आणि मुलांना वरच्या गटात सरकवा. गट एकदा पाडून वर्षभर तसेच ठेवणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. अक्षर गटातलं मूल मार्चमध्येही अक्षर गटातच असेल तर ते स्वतःला तसंच समजायला लागतं.

बारा माणसांत आठ जण धरा, गटाला एक किंवा दोन, बाकी चार बदली म्हणून. काढणीच्या आठवड्यात शेतकरी येणार नाहीत, परीक्षेत कॉलेजची मुलं येणार नाहीत. तो तास रद्द झाला की मुलं दरवाजाकडे बघत बसतात. दोनदा झालं की शिक्षकही वेळापत्रकातून तुमचं नाव काढतात.

वसईकर

धर्माच्या प्रश्नाला कोणी नीट हात घातला नाही, म्हणून लिहितो.

संविधानाच्या अनुच्छेद २८ (१) प्रमाणे पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे सगळ्या धर्मांना सारखं लागू आहे आणि आपल्याला मनापासून मान्य असलं पाहिजे. मदत करायला गेलेल्याने सेवा द्यावी, तिच्या आडून दुसरं काही देऊ नये. म्हणजे तासाच्या सुरुवातीला प्रार्थना नाही, "देवाने तुला हुशार केलं" अशी वाक्यं नाहीत, पुस्तकांत बायबलच्या गोष्टी नाहीत, खिशात पत्रकं नाहीत, संडे स्कूलचं आमंत्रण नाही. कोणा मुलाने विचारलं, "तुम्ही चर्चमधले ना?" तर "हो" म्हणायचं आणि गोष्ट पुढे वाचायची. स्वयंसेवकांची पहिली बैठक याच विषयावर घ्या आणि नियमांच्या कागदावर प्रत्येकाची सही घ्या. पाळकांनी स्वतः सगळ्यांसमोर पहिली सही केली तर उत्तम.

नाताळात कार्यक्रम करून भेट देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. वर्षभर न दिसणारी माणसं २४ डिसेंबरला लाल टोपी घालून खाऊ वाटायला आली, की गावात चर्चा कशाची होते ते सगळ्यांना माहीत आहे. वस्तू जूनमध्ये द्या, शाळा उघडते तेव्हा. १५ ऑगस्टला सगळं गाव ध्वजवंदनाला असतं, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी इतर देणगीदारांबरोबर तुमचं नाव वाचलं तेवढं पुष्कळ. टाकीवर, पेट्यांवर, पाट्यांवर क्रूस किंवा चर्चचं नाव नको. मदत सगळ्या ७४ मुलांना, मंडळीच्या मुलांना वेगळी यादी नाही.

हॉलबद्दल: शाळेच्या वेळेतले तास शाळेतच घ्या. शाळा सुटल्यावर अभ्यासिका चालवायची असेल तरच हॉल वापरा, पालकांची लेखी संमती घ्या, आणि उपासनेच्या किंवा गायनसरावाच्या वेळेला लागून वेळ ठेवू नका. हॉलमधलं क्रूसाचं चित्र काढून ठेवायची गरज नाही. पालकांना आधी आत बोलावून जागा दाखवा, मग त्यांनी ठरवावं.

आणखी एक मुद्दा, आमच्याकडच्या धर्मग्रामांना (कॅथोलिक मंडळींना) जास्त लागू, पण तुमच्या संस्थेची तालुक्यात इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर तुम्हालाही. जि. प. शिक्षकांची सगळ्यात दुखरी नस पटसंख्या आहे. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करण्याच्या, मुलांना समूह शाळेत (लहान शाळा एकत्र करून केलेल्या शाळेत) नेण्याच्या चर्चा सुरू होतात. चर्चची माणसं चौथीतल्या हुशार मुलांची नावं लिहून घेताहेत असं दिसलं तर शिक्षक दार लावतील, आणि ते योग्यच. तुमच्या संस्थेच्या शाळेचं प्रवेशपत्रक या स्वयंसेवकांच्या हातून कधीही वाटलं जाणार नाही, हे त्याच अर्जात लिहून द्या. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. त्या परंपरेचा अभिमान असलेल्या मंडळीने आज गावातली सरकारी शाळा भरलेली राहावी म्हणून झटावं, असं मला वाटतं.

पाण्याचा_माणूस

फक्त पाण्यावर. ७४ मुलांना पिण्यासाठी माणशी दीड लिटर धरलं तर दिवसाला १११ लिटर. हात धुणं आणि शौचालय वेगळं. पिण्याची ५०० लिटरची टाकी आणि वापराची वेगळी १,००० लिटरची असावी, एकाच टाकीवर दोन्ही ठेवलं की दुपारपर्यंत प्यायलाच उरत नाही. नळ सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या उंचीला बसवा आणि खाली सांडपाण्याला उतार देऊन पाइप झाडाकडे न्या, नाहीतर महिन्यात तिथे शेवाळ होऊन मूल घसरतं. प्लास्टिकचे नळ टिकत नाहीत, पितळी घ्या.

आरओ मशीन देऊ नका. फिल्टर बदलायला वर्षाला काही हजार लागतात आणि ते कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. टाकी महिन्यातून एकदा घासून धुवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची चाचणी) करतो, त्याला शाळेच्या नळावरही करायला सांगा. पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर ग्रामपंचायतीला कळवा, अंदाजाने ब्लीचिंग पावडर टाकू नका.

शौचालयाबाबत एकच: आतली कडी आणि बाहेर बादली-मग. दोनशे रुपयांचं काम आहे आणि ते नसलं की चौथीतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

खडूफळा

वर सगळ्यांनी बरंच लिहिलंय, राहिलेल्या तीन गोष्टी.

सुरक्षा. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबाबतच्या २०२४ च्या ऑगस्टमधल्या शासन निर्णयानंतर शाळा बाहेरच्या माणसांबाबत काटेकोर झाल्या आहेत आणि तसंच हवं. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ऑनलाइन अर्ज करता येतो. आल्या-गेल्याची नोंद अभ्यागत नोंदवहीत. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नाही, दार उघडं आणि दुसरं माणूस नजरेच्या टप्प्यात. मुलाला मोटारसायकलवर घरी सोडणं नाही. मुलाने काही गंभीर सांगितलं तर ते दडवून ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याच्या (बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, चर्चमध्ये आपसात बसून मिटवणं हा गुन्हा ठरतो. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका.

खाऊ. शालेय पोषण आहारात समाजाने एखाद्या दिवशी पूरक जेवण देण्याची सोय आहे, आपल्याकडे तिला स्नेहभोजन म्हणतात. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगून, शाळेतल्याच स्वयंपाकीण ताईंच्या देखरेखीखाली करा आणि वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंद करू द्या. मटकीची उसळ, केळं, शेंगदाण्याची चिक्की. ७४ मुलांना केळी सात डझन घ्या, सव्वासहा डझन मोजून नेलीत तर दोन काळी निघतात आणि दोन मुलं रडतात. क्रीमचा केक किंवा खव्याची मिठाई नको.

आणि ऊसतोड. तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास काही घरं कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. सोबत गेलेल्या मुलाचं पाच महिन्यांचं वाचन जातं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांकडून जाणाऱ्या घरांची यादी घ्या. आजी-आजोबांजवळ मूल ठेवायला आईवडील तयार असतील तर संध्याकाळी पाच ते सात हॉलमधली अभ्यासिका आणि एक वाटी उसळ, यावर ते मूल गावात टिकू शकतं. हंगामी वसतिगृह मंजूर होतंय का ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत विचारा. मूल जाणारच असेल तर शिक्षकांकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत शिकता यावं म्हणून दिलेलं कार्ड) घेऊन आईच्या हातात द्या आणि सांगा की तिकडच्या शाळेत दाखल्यासाठी अडवता येत नाही. तुमच्या हॉलचा खरा उपयोग मला इथे दिसतो, दुपारच्या मधल्या सुट्टीत नाही.

मंडळी_सचिव

टीव्ही रद्द, कमिटीत आज ठरलं. दोन निवृत्त शिक्षिकांनी परिच्छेदकार्डं लिहायला घेतलीत, जोडाक्षरं टाळून. समितीची सभा पुढच्या शुक्रवारी आहे, अर्ज त्याआधी देतो. एक शंका उरली: ऐकण्याच्या पहिल्या आठवड्यात मूल घाबरून काहीच बोललं नाही तर त्याला प्रारंभिक गटात धरायचं का?

वाचनपेटी

नाही. त्याच्यासमोर कागद ठेवू नका, आधी एक चित्राचं पुस्तक द्या आणि "यात काय काय आहे?" विचारा. बोलायला लागलं की परिच्छेद पुढे सरकवा. तरीही गप्प राहिलं तर नावापुढे काहीच लिहू नका, तिसऱ्या तासानंतर पुन्हा ऐका, आणि त्या वेळी ऐकणारा माणूस बदला. शक्यतो कॉलेजमधल्या मुलींपैकी कोणी.